न सांगणारे सर

परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "पहले देखो, फिर बोलो." आमचे केमिस्ट्रीचे सर गोंदिया शहरातले, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मध्येच शिरायची. तुम्हालाही असे एखादे सर भेटले असतील. नसतील, तर मला तुमची खरंच कीव येते.

केशोरीकडच्या खेड्यांतल्या आम्हा पोरांच्या हाती परीक्षानळी पहिल्यांदा आली ती अकरावीत. वास घ्यायचा तर नाक नळीवर टेकवायचं नाही, हातानं वाफ आपल्याकडे ओढायची. ॲसिड नळीच्या आतल्या अंगानं हळूच सोडायचं. मी ते भसकन ओतलं, तसे सर ओरडले, "आराम से! धानाची रोवणी अशीच करतोस का?"

"रोवणीले तं घाईच करा लागते जी सर!"

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी माझं मनगट धरून थेंब थेंब सोडायला लावलं. दोन थरांच्या मधोमध तपकिरी कडं उमटलं आणि मी तिथेच नाचलो.

आमच्याकडे एक रिवाज होता. बारावीच्या प्रॅक्टिकलला कुणाला ओळखायला कोणतं सॉल्ट आलंय, ते मास्तरच कानात सांगून टाकायचे. सर म्हणाले, "मी नाही सांगणार." वर्गात एकच कल्ला झाला.

"काऊन जी सर? नापास झालो तं?" मी विचारलं. प्रॅक्टिकल गेलं म्हणजे वर्ष गेलं. मला धडकीच भरली होती.

परीक्षेत मला पांढरं सॉल्ट आलं. आता निम्मी सॉल्टं पांढरीच असतात! मी आशेनं सरांकडे पाहिलं. ते पाठ करून खिडकीशी उभे, हात मागे घट्ट धरलेले. बोटं मात्र सारखी चुळबुळत होती.

मी चिडलो आणि कामाला लागलो. द्रावणात पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकलं, पांढरा साका आला. मग दुसऱ्या नळीत पोटॅशियम आयोडाइड, एकेक थेंब. नळी पिवळीधमक झाली!

"सर, पिवळा! शिसं आहे जी, शिसं!"

बाहेरून आलेले परीक्षक तडकले. "मुलांना आधीच सांगितलंय वाटतं तुम्ही?"

"सांगितलं असतं," सर वळून म्हणाले, "तर हा असा ओरडला असता का?"

निकाल लागला तोवर सरांची बदली झाली होती. आम्ही सगळे पास झालो होतो, आणि हे ज्याला ओरडून सांगावं तो एकच माणूस तिथे नव्हता.