जेट पंप वरच्या गल्लीत बसला

१९७३ साल. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. लकडगंजात आरा मशीनवर लाकडं कापायचं काम होतं, आणि घरी बापाने खोदलेली विहीर होती. शाळा माझी तिसरीतच सुटली, म्हणून लिहिण्यात चुका निघतील. आठवणीत निघणार नाहीत.

पंपाचं सांगायच्या आधी विहिरीचं सांगावं लागते. आमची वस्ती खालच्या अंगाला, आणि उतार चढून गेलं की वरची गल्ली. आधी विहीर त्यांच्याकडेच होती, आमच्याकडे नव्हती. माझी माय लग्न होऊन आली तेव्हा गुंड, म्हणजे पाण्याची पितळी घागर, घेऊन त्या विहिरीपासून लांब उभी राहायची. विहिरीच्या काठाला हात लावायचा नाही, दोराला लावायचा नाही. कोणा बाईला दया आली तर ती वरून धार सोडणार. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. एक दिवस माय रिकामा गुंड घेऊन परत आली. बाप कुदळ घेऊन अंगणात उतरला. आधी मुरूम लागला, मग काळा दगड. बाप खाली छिन्नी-हातोड्याने फोडायचा आणि माय वर टोपली ओढायची. तिच्या तळहाताची कातडी दोराने गेली ती पुन्हा नीट आली नाही. पाणी लागलं तेव्हा मी लहान होतो, पण चव आठवते. गोड पाणी होतं. छप्पन्न साली आम्ही सगळे बौद्ध झालो, त्याच्या पुढच्या थंडीत बाप गेला. माय राहिली.

मायने आयुष्यात माझ्याकडे लुगडं मागितलं नाही की दवाखाना मागितला नाही. तिचं एकच बोलणं होतं, आणि तेही हसत.

"त्या लोकाइनं एक दिवस आपल्या विहिरीचं पाणी प्यालं पाहिजे. मी ओट्यावर बसून पाहीन. मंग मले न्या कुठी न्यायचं ते."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की माझीही तीच इच्छा झाली होती.

आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. वरच्या गल्लीची विहीर होळीच्या आधीच तळाला गेली. टँकर यायचा, आणि टँकरमागे बायकांची भांडणं व्हायची, झिंज्या धरेपर्यंत. आमची विहीर खाली गेली होती, पण आटली नव्हती. दगडातला झरा होता, तो लागेपर्यंत बापाने खोदणं सोडलं नव्हतं.

एक दिवस वरच्या गल्लीतले मोठे भाऊ आले. सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. गल्लीत पहिला विजेचा दिवा त्यांच्या घरी लागला होता, म्हणून शब्दही त्यांचाच चालायचा. ते कुंपणाच्या बाहेर उभे राहिले.

"काय गा, तुह्या विहिरीत पाणी आहे म्हणते."

"आहे ना. या, बसा."

"बसाले टाइम कुठी आहे. आमच्या बाया टँकरमागं पळून राहिल्या. पंप बसवू म्हणतो. अर्धा खर्च आमच्या गल्लीचा, अर्धा तुहा. तुह्या बायकोचंही ओढणं सुटते."

मी मायला सांगितलं. ती लुगड्याचा पदर तोंडाला लावून हसली. म्हणे, "अंगणात नळ लाव. येतीन आता झक मारून." दुसऱ्या दिवशी तिने ओटा शेणाने सारवला. अजून पंपाचा पत्ता नव्हता आणि हिचा ओटा तयार.

रविवारी भाऊ आणि मी पंपाच्या दुकानात गेलो. सेठने पहिला सवाल केला तो बरोबर केला. म्हणे, पाणी आता किती खाली आहे ते सांगा, विहीर किती खोल आहे ते मागून सांगा. मी दोराला दगड बांधून मोजून आलो होतो, हातांत सांगितलं. सेठने फुटांत केलं आणि मान हलवली.

"साधा मोनोब्लॉक पंप नाही चालणार. वर बसून पाणी ओढायची त्याची हद असते. पंचवीस फुटाच्या खाली पाणी गेलं की मोटर फिरत राहील आणि नळाला हवा येईल."

मी म्हटलं, "आमचा मामा उमरेडले आहे. त्याच्या विहिरीत खाली दगडात खाच करून मोनोब्लॉक बसवला. पाण्याजवळ. मस्त चालते."

"आणि बरसातीत पाणी वर आलं म्हणजे?"

"मंग काढते वर."

"रोज चालू करायला विहिरीत कोण उतरणार? तुम्ही?"

"उतरीन. माह्या बापाची आहे."

भाऊ हसले. "राहू दे गा. बुढा होशीन तवा कसा उतरशीन?"

सेठने मग जेट पंप दाखवला. एकाच्या जागी दोन नळ विहिरीत सोडायचे. एका नळाने पंप थोडं पाणी जोरात खाली धाडतो, खाली एक निमुळतं तोंड असते, तिथून ते पाणी उसळते आणि विहिरीतलं पाणी सोबत घेऊन दुसऱ्या नळाने वर येते. धार मोनोब्लॉकपेक्षा बारीक पडते, पण खोलातून येते. मला ते पटलं. माणूस कितीही अडाणी असला तरी विहीर त्याची असली की अशा गोष्टी समजतात. आमच्या विहिरीला तोच पंप बरोबर होता, हे मी आजही म्हणीन.

तेवढ्यात भाऊने विचारलं, "हा विहिरीपासून लांब बसवला तं चालते का?"

सेठ म्हणाला, "चालते ना. जेटचा तोच तर फायदा आहे. मोटर विहिरीवरच पाहिजे असं नाही. थोडी धार कमी पडेल, बस."

मी म्हटलं, "लांब काहून?"

"माह्याकडं मीटर आहे. तुह्याकडं कंदील आहे. मोटर काय रॉकेलवर चालवतो?"

सेठचा नोकर हसला. माझ्याकडे वीज नव्हती हे खरं होतं. मी म्हटलं, तुमच्या मीटरवरून वायर आणू, पण पंप माझ्या अंगणात बसेल, आणि ज्याला पाणी पाहिजे तो अंगणात येऊन भरेल. हे मी सेठसमोर म्हटलं, म्हणजे मागून कोणी फिरू नये. भाऊ म्हणाले, "हो गा. तू म्हणशीन तसं." त्यांचा हा शब्द घेऊन मी घरी आलो आणि मायच्या हातात दिला.

दोन-चार दिवसांनी आऱ्यावरून घरी आलो तर विहिरीपासून कुंपणाखालून नाली खोदलेली, थेट वरच्या गल्लीत. भाऊच्या घराच्या बाजूला टिनाची शेड उभी राहिली होती. बायको विहिरीजवळ उभी होती.

"म्या म्हटलं त्याइले, हे येतीन तवा करा. तं म्हणे, वायर लांब नेली तं मोटर जळते."

मिस्त्री शेडीत नळ जोडत होता. त्याला विचारलं. तो खरा माणूस होता, म्हणे, "वायर जाड घेतली तं काही नाही जळत." मी भाऊच्या दारात गेलो. ते खुर्ची टाकून बसले होते. मी उभा.

"भाऊ, सेठसमोर काय ठरलं होतं?"

"अरे आता खोदलं ना. काय पुन्हा बुजवाचं? तुह्या अंगणात एक तोटी काढून देतो. तूही भर, आमीही भरतो. पाणी तं पाणीच आहे."

"पाणी पाणीच आहे तं अंगणात येऊन भरा."

"तुहं डोस्कं एकाच जागी अडकून राहते गा," भाऊ म्हणाले, आणि आत गेले.

मायला सांगायला मला तोंड नव्हतं. तिने आपल्या आपण पाहिलं होतं. म्हणे, "असू दे, बाबू. पितीन तं आपलंच. मी कुंपणापाशी उभी राहून पाहीन." मला वाटलं होतं ती रडेल. ती काठी शोधत होती.

पंप चालू करायचा होता त्या दिवशी मी कामावर खाडा केला. गल्लीतले सगळे जमले होते, बायका भांडी घेऊन. कुणीतरी नारळ आणला होता. मिस्त्री म्हणाला, चालू करायच्या आधी पंपात आणि नळांत पाणी भरावं लागते, नाही तर तो पाणी पकडत नाही. बालटीभर पाणी आणा.

माझ्या बायकोने आधीच बालटी ओढून ठेवली होती. ती घेऊन ती नालीच्या कडेने वर गेली. डोक्यावर पदर, बालटी दोन्ही हातांनी धरलेली. मिस्त्रीने हात पुढे केला.

"थांब," भाऊ म्हणाले.

मिस्त्री थांबला.

"टँकरचं आहे ना आपल्याकडं. हंडा आण वं."

त्यांची सून आतून हंडा घेऊन आली. ज्या पाण्यासाठी या बायका एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या ते पाणी मिस्त्रीने पंपाच्या तोंडात ओतलं. अर्धं बाहेर सांडलं, मातीत गेलं. ओतता ओतता मिस्त्री हसून म्हणाला, "भाऊ, येणार तं यांच्याच विहिरीचं आहे."

"येऊ दे ना. ते पाइपातून येते."

बायको बालटी घेऊन उभी होती. तिला कोणी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. थोड्या वेळाने ती आपली आपण परत आली आणि बालटी शेळीपुढे ठेवली.

बटन दाबलं. पंप खोकला, दोन-तीनदा हवा सोडली, आणि पाणी आलं. बापाच्या दगडातलं पाणी. त्यांनी तोंड धुतलं, ओंजळीने प्यालं, भाऊ म्हणाले गोड आहे. बायकांनी हंडे भरले, कोणी भांडलं नाही. पंप उत्तम चालला. पंपात काही खोट नव्हती.

कुंपणापाशी माय काठीवर उभी होती. मधे टिनाची शेड.

"प्याले का गा?"

"प्याले."

"मले नाही दिसलं."

ती म्हणाली, "पाइपाचं प्याले ते," आणि आत गेली. संध्याकाळी ताट सरकवून दिलं. म्हणे भूक नाही.

वस्तीतली माणसं जमली. एक म्हणाला, करवत आण, आजच पाइप काप. दुसरा म्हणाला, विहिरीत दोन पाइप सोडले, बैलाच्या नाकात वेसण घातल्यासारखे. बायको त्यांच्याच बाजूने बोलली, आणि तिचं चूक नव्हतं. बालटी तिच्या हातात होती. करवत माझ्या घरात होती, आणि लाकूड कापणाऱ्याला पाइप कापायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, नाही. तहानलेल्याचं पाणी तोडायचं काम त्या लोकांचं, आपलं नाही. आपल्या मायला ज्यांनी उभं ठेवलं त्यांच्यासारखं व्हायचं असेल तर मग बापाने विहीर कशाला खोदली. माणसं नाराज होऊन गेली. कोणी जाता जाता म्हणालं, "घाबरला." म्हणू दिलं.

आता लोक म्हणतात, जुनं झालं ते, सोडा. भाऊच्या नातवानेही मला एका लग्नात तसंच म्हटलं, खांद्यावर हात ठेवून. सोडायचं काय ते मला समजत नाही. पोटात शेर-दोन शेर कडू आहे ते माझं आहे, मी कोणाला वाटायला निघालो नाही. पण विचारलं तर असं झालं म्हणून सांगीन.

पंप चालू झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आऱ्यावर गेलो नाही. ओट्यावरची मायची खाट डोक्यावर घेतली, वर चढलो, आणि भाऊच्या शेडीसमोर, जिथे नळाची धार पडायची तिथे टाकली. मग खाली आलो आणि मायला म्हटलं, चाल. तिने कुठे म्हणून विचारलं नाही. लुगडं झटकलं, केसांवरून हात फिरवला. मी तिचा हात धरून तिला त्या उतारावरून नेलं आणि खाटेवर बसवलं.

बायका हंडे घेऊन आल्या आणि लांबच थांबल्या. भाऊ तोंडात दातण धरून बाहेर आले.

"इथं काहून आणली बुढीले?"

"पाहायले."

"काय पाहायले?"

"तुमी पाणी पिता ते."

त्यांनी दातण तोंडातून काढलं. मागे त्यांची सून हंडा काखेत घेऊन उभी होती, ती खाली पाहत होती. शेडीत कोणी जाईना. माय दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, नळाच्या तोंडाकडे पाहत. मी थोडा वेळ वाट पाहिली. मग शेडीत गेलो आणि बटन मी दाबलं.