उट्रेख्तमध्ये कार्ड विहीणबाईंचं, नोटा माझ्या

यंदा धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, लवकर आटोपला आणि निखिलने फोनवर तोच विषय पुन्हा काढला, आई, आता तरी ये. निखिल आमचा मुलगा. नोकरीमुळे काही वर्षांपासून बायको-मुलीसह नेदरलँडमधल्या उट्रेख्त शहरात राहतो. सुनेचं नाव प्राजक्ता आणि नात ईरा, जिला चार पूर्ण व्हायची आहेत आणि जिला मी तोवर फोनच्या पडद्यावरच वाढताना पाहिलं होतं. मी हो म्हणून टाकलं. तिकिटं काढायच्या दिवशी मात्र चिरंजीव हळूच म्हणाले की प्राजक्ताच्या आईपण येताहेत, तुला सोबत होईल.

सोबतच म्हणायची. मी भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याची, विहीणबाई मंदाताई त्याच जिल्ह्यात जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या. लग्नकार्यात भेटायचं, साड्यांचं कौतुक करायचं आणि आपापल्या घरी जायचं, एवढीच आमची ओळख. आता तीन आठवडे एका घरात, एका नातीसोबत. मी मनात म्हटलं, बघू पोरगी कोणाकडे ओढते ते. हे मी इथे मोकळेपणाने लिहिते आहे, कारण पुढचं सगळं प्रवासवर्णन त्याच्याच मागे फिरतं.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. नागपूरहून दोह्यामार्गे गेलो, एकच विमान बदलावं लागलं. पैशांची तयारी दोघींनी आपापल्या अकलेप्रमाणे केली. मी नागपुरात परवानाधारक दुकानातून युरोच्या नोटा घेतल्या आणि शिवून घेतलेल्या कापडी पिशवीत घालून कमरेला बांधल्या. रोख ती रोख, हातात दिसते. शिवाय बँकेचं कार्ड होतंच जवळ. मंदाताईंनी सगळे पैसे प्रवासाच्या एका कार्डावर भरून घेतले होते. विमानात त्यांनी ते मला दाखवलं, निळं, कोरं करकरीत. मी म्हटलं, छान आहे, आणि खिडकीबाहेर ढग पाहत बसले.

नेदरलँडला उतरलो त्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. उट्रेख्तला अर्ध्या तासाच्या आसपास गाडी पोचते. तिथे तिकीट काढायची गरजच नाही. फलाटाकडे जाताना खांबाला किंवा फाटकाला कार्ड टेकवायचं, पीप असा आवाज येतो आणि तुमचा प्रवास सुरू. उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात, तेव्हा विसरू नका. मंदाताईंनी कार्ड टेकवलं, पीप झालं, दार उघडलं आणि त्या पलीकडे गेल्या. मी माझं टेकवलं तर लाल दिवा. पुन्हा लाल दिवा. मागे रांग वाढत गेली. शेवटी न्यायला आलेल्या निखिलने कागदी तिकीट काढून दिलं, तेव्हा मी आत गेले.

झालं असं की आपल्या बँका कार्डाचा परदेशातला वापर आणि हा टेकवायचा प्रकार, दोन्ही बंदच ठेवतात. आपण ॲपमधून सुरू करायचे असतात. सुरू करायला ओटीपी लागतो, आणि आमच्या घरच्या सगळ्या खात्यांना नंबर आमच्या ह्यांचा. मी फोन लावला तेव्हा हे धानाच्या बांधीत पाणी पाहायला गेले होते आणि फोन घरी खुंटीला. संध्याकाळी सापडले तर चष्मा सापडेना. चष्मा सापडेस्तोवर ओटीपीची वेळ संपली, आणि तीनदा असं झाल्यावर बँकेने ते कार्डच बंद करून टाकलं. म्हणून सांगते, हे काम घरून निघायच्या आधी करा आणि स्वतःच्या नंबरावर करा.

एका कार्डावर दोन माणसं जाऊ शकत नाहीत, ज्याचं त्याचं वेगळं लागतं. त्यामुळे निखिल माझ्यासाठी कागदी तिकीट काढायचा, त्याला थोडा जादा आकार पडतो. ट्राममध्ये, बसमध्ये रोख घेतच नाहीत. बऱ्याच दुकानांत दारावरच लिहिलेलं की फक्त कार्ड. जिथे रोख चालते तिथे माझी शंभराची नोट पाहून गल्ल्यावरची मुलगी नकाराची मान हलवायची. इतकी मोठी नोट त्या लोकांना नको असते. नोटा घ्यायच्याच असतील तर पाच, दहा आणि वीसच्या मागून घ्या.

आणि इथे विहीणबाई आणि त्यांचं पीप. आपल्याकडे मुलाच्या आईला मान असतो. मुलीकडचे लोक तिला बसायला आधी देतात, चहा आधी देतात, खर्चात हात घालू देत नाहीत. तेच परदेशात झालं, आणि मला अजिबात गोड लागलं नाही. कालव्याकाठी कॉफी घेतली, मंदाताईंनी पीप केलं. गरम तेलात तळलेले बटाटे मेयोनीजसोबत खाल्ले, कागदाच्या पुड्यात मिळतात आणि साडेचार युरोला पोट भरतं, तेही त्यांनीच पीप केलं. मी पिशवीची गाठ सोडेपर्यंत व्यवहार आटोपलेला असायचा. राहू द्या ताई, त्या म्हणायच्या, आणि मी राहू द्यायची.

पैशाचं एवढं नाही. बोचलं ते वेगळंच. दुसऱ्याच दिवशी मंदाताईंनी ट्रामच्या दारात ईराला उचललं आणि कार्ड तिच्या हातात दिलं. पोरीने ते टेकवलं, पीप झालं आणि ती खदखदून हसली. बास. त्या दिवसापासून ती घरातून निघताना त्यांचा हात धरायची. त्यांना नावही पडलं, पीपआजी. मी आपली सिहोऱ्याची आजी. मी नऊवारी बाहुली नेली होती, हाताने शिवलेली. तिच्याशी ती खेळली, नाही असं नाही, पण बाहुली पीप करत नव्हती. रात्री प्राजक्ता विचारायची, आई, गप्प का आहात? मी म्हणायची, पाय दुखतात.

झान्से स्खान्सच्या पवनचक्क्या पाहायला गेलो तेव्हा सुंदर ऊन होतं. हिरवी लाकडी घरं, पाण्यात बदकं, चक्कीच्या आत लाकडाचा आणि तेलाचा वास. आमच्याकडच्या जुन्या धानगिरणीची आठवण आली, तसाच थरथरणारा मजला. नुसतं आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, पण चक्कीत चढायला तिकीट आहे. जरूर चढा. मला मात्र त्या दिवसाचं नीट आठवतं ते एवढंच, की ईरा त्यांच्या खांद्यावर बसून चक्की पाहत होती आणि मी खालून दोघींचा फोटो काढत होते.

माझा एक दिवस आला, तोही सांगते. शनिवारी आम्ही सगळे जर्मनीत कोलोनला गेलो, थेट गाडीने तीन तासांच्या आत. आधी तिकीट काढलं तर बरंच स्वस्त पडतं. मोठं काळवंडलेलं चर्च, समोर नदी, पुलाच्या जाळीला हजारो कुलपं लावलेली. मागच्या गल्लीतल्या बेकरीत मंदाताईंनी कार्ड काढलं तर बाईने पाटीकडे बोट दाखवलं, फक्त रोख. मी पिशवी सोडली. पाच जणांचे पाव, दोन केक आणि कॉफी, सगळं माझ्याकडून. सुट्या नाण्यांनी ओंजळ भरली. थोड्या वेळाने ईराला शू लागली, आणि तिथल्या सार्वजनिक शौचालयाच्या फिरकी दारात पन्नास सेंटचं नाणं टाकल्याशिवाय आत जाता येईना. मंदाताई कार्ड हातात घेऊन कुठे टेकवायचं ते शोधत राहिल्या आणि मी पोरीला कडेवर घेऊन नाणं टाकून आत गेले. लग्नात मिरवले नसेन एवढी त्या दिवशी मिरवले. संध्याकाळी उट्रेख्तला उतरून घरच्या ट्रामपाशी आलो तशी ईराने माझं बोट सोडलं आणि दाराकडे पळाली, पीपआजी, मी करते.

परतीचा दिवस. विमानतळावर सामान दिलं. आत जायच्या रांगेपाशी निखिलचं कुटुंब थांबणार होतं. निघताना लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, रिकाम्या हाताने निघत नाहीत. मी पिशवी चाचपली. शेवटच्या दोनच नोटा उरल्या होत्या, एक पन्नासची आणि एक पाचची. तेवढ्यात मंदाताई माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज खाली करून बोलल्या.

"ताई, एखादी नोट द्या नं. पोरीच्या हातावर ठेवाले माह्यापाशी काहीच नाही."

तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. मशीन शोधून पैसे काढायला वेळ नव्हता, रांग पुढे सरकत होती. मी म्हटलं, एवढीच आहे सुटी, आणि पाचची दिली. मग त्यांच्या डोळ्यांदेखत पन्नासची काढून ईराच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली. त्यांनी पाचची ठेवली. ईराने दोन्ही आईकडे दिल्या आणि दोघींच्या गळ्यात पडून रडली. सारखीच रडली, हे मी नीट पाहिलं.

नागपूरला उतरलो तर उकाडा अंगावर आला. दोघींत एकच गाडी केली होती, कारण जवाहरनगर माझ्या वाटेवरच पडतं. मौदा ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना हिरवे धान दिसायला लागले तेव्हा मंदाताई खिडकीबाहेर पाहतच बोलल्या.

"मोठी नोट होती नं तुमच्यापाशी? मी पाह्यली होती."

"होती," मी म्हटलं.

"मीनं बी तसंच केलं असतं," त्या म्हणाल्या. "रात्री पोरगी तुमच्याच कुशीत जाऊन झोपे, मले काय दिसत नव्हतं का?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ईरा रोज रात्री उशी घेऊन माझ्याकडे यायची, आणि मी तिकडे पीपचा हिशोब करत पडलेली असायची. मला हसू आलं, त्याही हसल्या. वाटलं, झालं, आता आपण दोघी खऱ्या विहिणी झालो.

क्वार्टरपाशी गाडी थांबली. मी म्हटलं, मी बसूनच राहते, उशीर होतो. त्यांनी ऐकलं नाही. मला आत नेलं, पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ आणि खण घातला. आणि नारळावर एक पाचशेची नोट ठेवली, कपाटातून काढलेली, घडीसुद्धा न मोडलेली.

"मुलाकडच्या माणसाले रिकामं जाऊ देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या आणि पाया पडल्या.

ओटीतलं परत करता येत नाही. मी आशीर्वाद दिला आणि गाडीत येऊन बसले. भंडारा मागे गेलं, तुमसरही गेलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की पाच युरोचे आजच्या भावाने पाचशेच्या आसपासच होतात. मान होता की परतफेड, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि विचारायची सोयही त्यांनी ठेवली नाही.

घरी ह्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? मी चक्क्या सांगितल्या, कालवे सांगितले, कोलोनचं नाणं दोनदा सांगितलं. मग ते म्हणाले, आणि विहीणबाईंशी कसं जमलं? मी ती नोट फडताळात ठेवत होते. म्हटलं, कार्डाने तर त्यांनी मला हरवलंच होतं, येता येता नोटेनेही हरवलं.