ब्लॉकवरचा पाय

सुतळी नव्हती. तरी मी हात पुढे केला.

अंधेरीच्या मैदानावरची माझी पहिली शर्यत. शंभर मीटर. मी आणि सानिका शेवटपर्यंत बरोबरीत होतो. रेषा आली. सवयीनं मी उजवा हात लांब केला आणि मूठ मिटली. मुठीत काहीच आलं नाही. सानिकानं छाती पुढे झोकली. ती जिंकली.

आमच्या तालुक्याच्या शाळेचं मैदान मुरमाचं. धावायचे पट्टे राखेनं आखलेले. शेवटी दोन पोरं सुतळी ताणून उभी राहायची. जिच्या हातात सुतळी ती पहिली. भांडणं नकोत म्हणून आमच्या खेळाच्या सरांनीच केलेला नियम. सातवीपासून ती सुतळी मी दुसऱ्या कुणाला मिळू दिली नव्हती. शर्यत हातानं नाही, छातीनं जिंकतात, हे मला मुंबईत कळलं. हरल्यावर.

सानिकाची आई टॉवेल घेऊन कठड्याशी उभी होती. मला म्हणाली, "अगं, हात काय पुढे करतेस? इथे फुकट काही वाटत नाहीयेत."

मग शेजारच्या बाईंना, हळू, पण मला ऐकू येईल असं, "सवय असते ना यांना."

त्या बाई हसल्या. सानिका हसली. क्लबचे सर हसले. काय करावं ते न कळून मीही हसले.

'यांना' म्हणजे कुणाला, हे मला विचारावं लागलं नाही. आदल्याच आठवड्यात, मी शर्यतीसाठी नाव द्यायला आले तेव्हा, सानिकाच्या आईनं माझं आडनाव विचारलं होतं. ऐकून "अच्छा" म्हणाली होती. फक्त अच्छा.

त्याच सरांनी मला क्लबमध्ये घेतलं. धावते चांगली, म्हणाले. मी खूश. कॉलेजसाठी घाटकोपरला आत्याकडे राहत होते. ती मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते. टॉवेलवाल्या बाईंचं बोलणं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "उगी राह्य वं. त्याइच्या मैदानावर पयतं तू, आपल्या नाही."

मी उगी राहिले.

सुटताना पाय रेटायला मागे लोखंडी ब्लॉक असतो. क्लबचा ट्रॅक झिजलेला. ब्लॉकचे खिळे त्यात धरत नाहीत, ब्लॉक मागे सरकतो. म्हणून कुणीतरी मागे उभं राहून त्यावर पाय दाबून धरायचा. धावणाऱ्यांची ही रीतच आहे. आता तू माझा धर, मग मी तुझा. मैदानावर याला कुणी उपकार म्हणत नाही.

माझ्या वाट्याला ते 'मग' कधी आलंच नाही.

"ए बुलढाणा, ब्लॉक धर," सर म्हणायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. सानिका वाकायची, मी मागे पाय ठेवायचे. ती सुटायची आणि तिच्या रेट्याचा धक्का माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. मग माझी पाळी. तोवर ती डबा उघडून बसलेली. मी सरकणाऱ्या ब्लॉकवरून सुटायचे.

कॉलेजची तीन वर्षं मी तिच्यावर जळले. साधं नाही, आतून. आधी मला तिची पदकं नकोच होती. मला तिची दुपारची झोप हवी होती. ती गाडीत एसी लावून झोपायची, तेव्हा मी बसथांब्यावर उभी. तिचे भिजवलेले बदाम मला हवे होते, सोललेले. तिच्या पोटऱ्या चोळायला येणारा माणूस हवा होता. आणि तिचं हरणं हवं होतं. ती हरली की आई म्हणायची, "चालतं बाळा." मी हरले की गावाकडचा फोन टाळायचे. तिच्या प्रत्येक विजयाला मी टाळ्या वाजवल्या. हात वाजत होते. आत राख होत होती.

यंदा निवड चाचणी लागली. पहिल्या दोघी राज्य स्पर्धेला जाणार. माझं नाव यादीत होतं. धावायच्या थोडं आधी सर आले.

"बुलढाणा, तू आज नको धावूस."

"का सर?"

"सानिकाचा ब्लॉक कोण धरणार? आणि तू शेजारी असलीस की ती बिचकते. स्टार्टची वाट लागते तिच्या. तिचं करिअर आहे यार. तू पुढच्या वर्षी धाव ना."

सानिकाची आई मागेच होती. "तुला इथे घेतलं कुणी, ते विसरू नकोस."

ती बिचकते. मला. मी तिच्या पाठीकडे बघून जळत होते आणि ती पाठीमागच्या माझ्या पावलांचा आवाज ऐकत होती!

रेषेवर सानिका वाकली होती. मागे न बघता म्हणाली, "धर ना गं."

"मी नाही धरणार. मला धावायचंय."

"ए, नाटक नको ना करूस आज."

मी शेजारच्या पट्ट्यात माझा ब्लॉक ठोकला. सर सानिकाच्या मागे जाऊन उभे राहिले. स्वतः. माझ्या मागे कुणी नव्हतं. चेंबूरच्या संघातली एक मुलगी आली, तिची शर्यत आमच्यानंतर होती. म्हणाली, "मी धरते. नंतर माझा धर हां."

नंतर. या मैदानावर पहिल्यांदा कुणी मला बरोबरीचं बोललं होतं.

सुटले. पहिल्यांदाच ब्लॉक हलला नाही. रेषेवर हात मागे फेकले, छाती टाकली. सानिका पहिली. मी दुसरी, तिच्या खांद्याला खांदा.

तिची आई टॉवेल घेऊन आलीच. "बघ, सानिकासोबत राहून केवढी सुधारलीस! थँक्यू म्हण तिला."

मी वळले. जाऊन चेंबूरच्या मुलीचा ब्लॉक धरला.

मी कृतघ्न नाही. राखेनं पट्टे आखणारे सर मला आठवतात. स्वतः जमिनीवर झोपून मला खाट देणारी आत्या आठवते. यंदा मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. ते कुणामुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आभार कुणाचे मानायचे ते मी ठरवणार. टॉवेल धरून उभी असलेली बाई नाही.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं, दुसरी आले.

"मंग पह्यली कोन?"

"सानिका."

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मंग दुसरीचं काय सांगू रायली मले?"

या वेळी ती उगी राह्य म्हणाली नाही.

लोक सांगतात, जळू नये. मी जळणार आहे. हे जळणं मला कुणी दिलेलं नाही, माझं आहे. राज्य स्पर्धेत सानिका असेल. बिचकू दे. तिचा ब्लॉक मी धरणार नाही. तिचे आभार मानणार नाही. आणि तिची पाठ मला पुन्हा बघायची नाही.