तीन महिने कुणाला सांगायचं नसतं

“पिशवी रिकामी आहे,” सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. “गर्भ उजव्या नळीत होता. नळी फुटलीय, पोटात रक्त साठलंय. लगेच ऑपरेशनला घ्यावं लागेल.”

याला रप्चर्ड एक्टोपिक प्रेग्नन्सी म्हणतात. म्हणजे गर्भ पिशवीपर्यंत पोचायच्या आधी नळीतच रुजतो. नळीत जागा ती केवढी! गर्भ वाढतो आणि नळी फुटते. मूल वाचत नाहीच, उशीर झाला तर आईही जाते. हा धोका मला आधी सांगितलेला होता. पण आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा नजर लागायची भीती जास्त.

सुरुवातीपासून सांगते, कारण माझं दुखणं पोटात सुरू झालंच नाही. ते लग्नात सुरू झालं.

पहिलं लग्न मोडलं तेव्हा मला एक मुलगा, एक मुलगी होती आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं होतं. संसार पुरा झाला असं समजून करून घेतलं होतं. पुढे नवऱ्यानं दुसरी आणली. मुलगा त्यांनी ठेवला, मुलगी गौरी माझ्याकडे आली. घरातली भांडी वाटावीत तशी वाटणी झाली. ऑपरेशनच्या आधी बाईचं रक्त तपासतात, लघवी तपासतात, नवरा टिकेल का ते कुणी तपासत नाही.

गौरी पाच वर्षांची असताना ओझरचं स्थळ आलं. प्रकाशराव चाळिशीचे, शेतीवाले, बिनलग्नाचे. शेती करणाऱ्याला हल्ली कुणी मुलगी देत नाही, म्हणून माझ्यासारखीचा नंबर लागला. सासूबाईंनी बैठकीतच सांगून टाकलं, “पोरगी आणली तरी चालंल. पण आमच्या प्रकाशचं एक तरी पायजे.”

म्हणून लग्नानंतर मी रिकॅनलायझेशन करून घेतलं. म्हणजे बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडायचं ऑपरेशन. नाशिकच्या डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “जोडलेल्या नळीत गर्भ अडकायचा धोका असतो. पाळी चुकली की थांबू नका. लगेच सोनोग्राफीला या.”

पाळी चुकली. घरीच टेस्ट केली, दोन रेघा आल्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि हुकूम सोडला, “तीन महिने भरूस्तवर कुणाला सांगायचं नाय. दवाखान्यात बी जायचं नाय. तिथं आपल्या गल्लीतली नर्स हाय, सांजेपर्यंत गावभर करंल.”

डॉक्टरबाईंच्या बोलण्याची मी प्रकाशरावांना आठवण करून दिली. ते म्हणाले, “आई म्हणती तर थांबू की थोडं.”

घरात मला कुणी पाण्याचा हंडा उचलू देईना. गौरीला सासूबाई ‘आमची गौरी’ म्हणायला लागल्या. पोरीला त्या घरात पहिल्यांदाच गरम भाकरी आपणहून वाढली जात होती. पण कामावर जायचं थांबवलं तर लोकांना कळेल, म्हणून द्राक्षं पेट्यांत भरतात त्या पॅकहाऊसला रोज जायचं आणि द्राक्षांचे क्रेट उचलायचे. घरी हंडा जड आणि तिथे क्रेट हलका, असा तो सगळा कारभार.

उजव्या बाजूला कळा यायला लागल्या. थोडा डागही दिसला. सासूबाई म्हणाल्या, “पहिल्यापहिल्यानं व्हतं असं.” मग खांदा दुखायला लागला. मला वाटलं, क्रेटमुळे असेल. पोटात रक्त सांडलं की खांदा दुखतो, हे मला नंतर समजलं. त्याच दुपारी पॅकहाऊसमध्ये चक्कर येऊन पडले. तिथूनच मला नाशिकला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. सांजेच्या आत सगळ्या ओझरला कळलं, ते कळलंच.

ऑपरेशननंतर मला बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं. दुसरीकडे खाट नव्हती. शेजारच्या बाळंतिणीच्या आईनं मायेनं डिंकाचा लाडू पुढे केला. “घे गं बाई. तुला काय झालं, मुलगा का मुलगी?”

“काहीच नाही झालं,” मी म्हणाले. लाडू मात्र घेतला. भूक लागली होती. खाताना रडू आलं, तेव्हा तिनं तोंड वळवून नातवाची दुपटी सारखी केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर घेतलं. “उजवी नळी काढावी लागली. डावी चिकटून बंद झालीय. आता आपोआप दिवस राहणार नाहीत. आयव्हीएफ, म्हणजे गर्भ लॅबमध्ये तयार करून पिशवीत सोडायचा, हा एक मार्ग आहे. पण पस्तिशी ओलांडल्यावर खात्री देता येत नाही.”

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उठल्या. प्रकाशरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आईच्या मागोमाग बाहेर गेले.

जिच्या नळ्या पुन्हा जोडल्या आहेत, तिनं माझं ऐकावं. पाळी चुकली की त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी. गावाला कळलं तर कळू दे. गावाला काय, लपवलं तरी कळतंच. डॉक्टरबाईंनी माझा जीव वाचवला, त्यांचे उपकार जन्मभर विसरणार नाही. तो जीव घेऊन जायचं कुठे, हे काही त्या सांगू शकत नव्हत्या.

सुट्टी मिळाली त्या दिवशी प्रकाशराव गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर गौरी होती. गाडी ओझरच्या रस्त्याला न लागता दिंडोरी रोडला वळली. माझं माहेर वणीचं.

“आठ दिवस आईकडं आराम कर,” ते म्हणाले. “मग येतो न्यायला.”

मला ते खरं वाटलं. दुखणाईत लेकीनं माहेरी जायची रीतच आहे आमच्यात. मी मान मागे टेकून डोळे मिटले.

“मम्मी,” मागून गौरी म्हणाली, “आजीनं माझा रेनकोट पण भरलाय.”

फेब्रुवारी चालू होता. बाहेर ऊन रणरणत होतं. मी प्रकाशरावांकडे बघत राहिले आणि ते रस्त्याकडे.

आता जून लागलाय. गौरी तो रेनकोट घालून वणीच्या शाळेत जाते.