रेवतीच्या कपाळावरची खोक

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, मग बायकोचं आजारपण, मग ती गेली, मग मोतीबिंदूनं माझे डोळे गेले. दर वेळी काही ना काही कारण मिळालं. आता डोळ्यांत भिंगं बसवली आहेत, पुण्यात मुलीच्या घरी गॅलरीत खुर्ची आहे, आणि कारणं संपली आहेत. म्हणून गावाकडच्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांसाठी, हे लिहून ठेवतो आहे.

मी एसटीत कंडक्टर होतो. लाखांदूर, पवनी, अड्याळ, भंडारा ही माझी नेहमीची गाडी. त्या सकाळी गाडी आमच्या गावच्या फाट्यावर थांबली तेव्हा माझी लेक रेवती तिथं उभी होती. हातात एक पिशवी, अंगावर माझा जुना स्वेटर, आणि कपाळाला आईच्या लुगड्याची पट्टी. पट्टीवर रक्त वाळून काळं पडलेलं. तेव्हा तिचं नाव रेवती नव्हतं. आधीचं नाव मी लिहिणार नाही. गावाला ते ठाऊक आहे आणि इतरांना त्याचं काही काम नाही. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत होते, आणि मी सगळ्यांपेक्षा जास्त.

ती चढली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. मी तिकिटं कापत मागे गेलो. ती म्हणाली, “भंडारा, एक.” मी तिकीट फाडलं, पंच केलं, सुट्टे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि वळलो. किती माणसं मी गावाबाहेर पोचवली असतील. खिडकीतून हात बाहेर काढू नका, एवढं तरी सगळ्यांना सांगायचो. पोटच्या लेकराला तेवढंही सांगितलं नाही.

पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं मान वळवून पाहिलं. “काय गा कंडक्टरभाऊ, परवा मंडईत कशी छमछम नाचली तुमची पोरगी, अन् आज डोस्कं कोठं फोडून आली?”

सगळी गाडी हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, होते. दंडारीत बायकांची कामं पुरुष करतात, आणि कुठल्या गावाची बाई खरी वाटली यावर वर्षभर चर्चा चालते. तरुणपणी आमच्या गावाची बाई मी होतो. मिशा राखल्यावर ते काम सोडलं आणि रेवतीला तयार केलं. पदर दातात कसा धरायचा, टाच न आपटता कसं चालायचं, लाजताना आधी मान वळवायची की डोळे, हे सगळं मी शिकवलं. तिला शिकवावं लागत नव्हतं हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याला कला म्हणत होतो. ‘कंडक्टरची पोरगी’ हे गावानं कौतुकानं ठेवलेलं नाव होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी दंडार पहाटे संपली. तोंडावर रंग तसाच ठेवून ती घरी आली आणि चुलीपाशी आईजवळ बसली. मी म्हणालो, “तोंड धू अन् झोप.” ती म्हणाली, “रंग धुवीन बाबूजी. पण हे सोंग नोहे. मी अशीच आहो.”

ती एकोणीस वर्षांची होती. बोलताना घाबरलेली नव्हती. उलट सुटल्यासारखी दिसत होती. मला मात्र अख्खी मंडई घरात शिरल्यासारखी वाटली. मी जवसाच्या तेलात फडकं बुडवलं आणि तिचं तोंड घासायला लागलो. रंग काढायची रीत मला ठाऊक होती. हलक्या हातानं, वरून खाली. मी तसं केलं नाही. रंग निघाला की खालून माझा मुलगा निघेल, असं काहीतरी डोक्यात होतं. गाल सोलवटायला लागले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. फक्त धरलं. कोनाड्यात माझी टिनाची तिकीटपेटी होती. ती उचलून मी तिच्या कपाळावर मारली. पेटीचा कोपरा डाव्या भुवईच्या वर लागला.

इथवरचं रेवतीला ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

पवनीला गाडी थांबली. ड्रायव्हर सदाभाऊ आणि मी चहाला उतरलो. मागच्या खिडकीत ती दिसत होती. सदाभाऊनं विचारलं, “काय झालं जी पोराले?”

मी म्हणालो, “माझ्यावर हात उचलला त्यानं. मंग मीबी सोडलो नाही.”

बस, एवढंच बोललो. सदाभाऊनं मान हलवली आणि माझ्या चहाचे पैसे दिले. ड्रायव्हरला सांगितलेली गोष्ट प्रत्येक फाट्यावर उतरते, हे कंडक्टरला कळायला हवं होतं. संध्याकाळी मी परतलो तेव्हा ती गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती. पारावर दोघं-तिघं उठून उभे राहिले, जणू घरी मयत झाली होती. “अशा पोरासाठी रडू नका,” असं मला सांगितलं गेलं. मी कुणालाही अडवलं नाही. बायकोला खरं माहीत होतं. तिनं एकदाच विचारलं, “लोकं काय म्हणून राहिले, आयकता ना?” मी म्हटलं, लोकांचं काय. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि रेवतीशी फोनवर चोरून बोलत राहिली.

बायको वारली तेव्हा रेवती आली. साडीत आली. गाव गप्प झालं, पण ते साडीमुळे नव्हे असं मला आजही वाटतं. आमच्या गावानं साडीतलं ते रूप आधी डोक्यावर घेतलं होतं. तिचा नामदेवमामा, माझा साळा, तिच्या वाटेत उभा राहिला. साधा, सरळ माणूस. मी सांगितलेलं त्यानं खरं मानलं होतं. तो म्हणाला, “बापावर हात टाकणाऱ्यानं माझ्या बहिणीच्या सरणाले हात लावू नये.”

मी चार पावलांवर होतो. “नामदेव, येऊ दे तिले,” एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी खाली मान घालून उभा राहिलो. रेवती तलावाच्या पाळीवर बसून लांबून धूर पाहत राहिली आणि शेवटच्या गाडीनं निघून गेली.

एवढं होऊनही माझे डोळे गेले तेव्हा तीच आली. शेजाऱ्यांनी फोन केला होता. दारात उभी राहून म्हणाली, “आईनं सांगितलं होतं तुमच्याकडे पाहजो म्हणून. सामान भरा.” घराला कुलूप लागलं आणि मी पहिल्यांदाच बिनपरतीचा प्रवासी म्हणून गाडीत बसलो.

पुण्यात सोसायटी, लिफ्ट, दाराला कॅमेरा. गावात मी दिसलो की लोक गाडीची वेळ विचारायचे. इथं वॉचमन माझीच वेळ लिहून घेतो. रेवती सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. गळ्यात आयकार्ड घालून सकाळी जाते, संध्याकाळी थकून येते. थकायचं कारण कामच असेल असं मला वाटे. मग भिंगं बसल्यावर एकदा आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा रांगेतली एक बाई तिच्याकडे पाहत राहिली; आधी कपाळ, मग जबडा, मग पुन्हा कपाळ. तिकिटावरचा नंबर तपासतात तसं. रिक्षात रेवती म्हणाली, “रोज असंच असते बाबूजी. माणूस बोलायच्या आधी माझं हाड वाचते.”

त्यासाठी ऑपरेशन असतं हे तिनंच मला समजावलं. भुवईवरचं पुढे आलेलं हाड घासून सपाट करतात, केसांची रेघ पुढे आणतात, जबड्याचे कोपरे गोल करतात. तिनं बँकॉकचं हॉस्पिटल ठरवलं होतं. पुढे आलेलं ते हाड आमच्या घराण्याचं. माझं, माझ्या बापाचं. ती हसून म्हणाली, “तुमचं कपाळ तुम्हाले वापस करून राहिली. राग नका मानू.” सोबत येणारी मैत्रीण ऐन वेळी अडकली, आणि हॉस्पिटलला सोबत माणूस हवंच होतं. “येता का बाबूजी? लाखांदूरच्या गाडीपेक्षा सीट बरी असते.”

असा मी म्हातारपणी पासपोर्ट काढून परदेशी गेलो. विमान उतरताना खाली भाताच्या बांध्या आणि तळी दिसली, आणि क्षणभर वाटलं, फिरून पवनीलाच आलो.

सर्जन शांत माणूस होता. हिंदी बोलणारी एक मुलगी दुभाषी म्हणून बसली होती. कॉम्प्युटरवर रेवतीच्या कवटीचा फोटो फिरत होता. डाव्या भुवईवर हाडात एक बारीक खळगा होता. सर्जननं तिथं पेन टेकवलं. दुभाषी म्हणाली, “पूछ रहे हैं, यहाँ पुरानी चोट है?”

रेवती म्हणाली, “बचपन में बस में गिर गई थी।”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. हाडालाही खोक पडली होती हे मला तोवर माहीत नव्हतं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. तिला बाहेर आणलं तेव्हा मला तिची ओळख पटली नाही. डोक्याभोवती पट्टा, डोळे सुजून मिटलेले, गाल निळे-जांभळे, हनुवटीखाली रक्त निचरायच्या नळ्या. मी पलंगाला लावलेलं नाव वाचलं आणि मग बसलो. पुढे भाड्याच्या खोलीत आम्ही दोघंच राहिलो. तिला उशा रचून बसवूनच झोपवायचं, बर्फाच्या पिशव्या बदलायच्या, टाक्यांच्या कडेची खपली मिठाच्या पाण्यानं पुसायची. ते काम मी करायचो. हलक्या हातानं, वरून खाली. तिला चावता येत नव्हतं म्हणून मी पेज करायचो. तिथला तांदूळ चिकट, वासाचा. आमच्याकडच्या पेजेची चव येईना. एक घोट घेऊन ती दबल्या ओठांनी म्हणाली, “आईनं तुम्हाले घरातून काढलं असतं या पेजेवर.” हसल्यावर टाके ओढले गेले आणि ती कण्हली, आणि मी घाबरून चमचा खाली ठेवला.

एका दुपारी, डोळे अर्धवट उघडायला लागल्यावर, ती म्हणाली, “बाबूजी, एक विचारू? तुम्ही मारलं त्याचं मले आता काही नाही. तुमचं डोकं फिरलं होतं. पण मी हात उचलला, हे मामानं काहून पसरवलं असन? मी त्याच्या मांडीवर वाढली. आईचं तोंड पाहू दिलं नाही त्यानं.”

बर्फाची पिशवी माझ्या हातात होती. मामानं पसरवलं नाही, मी पवनीच्या स्टँडवर चहा पिताना बोललो, हे वाक्य तोंडात तयार होतं. नर्सनं बजावलं होतं, रडू देऊ नका, दाब येतो. तेवढं कारण मला पुरलं. मी म्हणालो, “थांब, बर्फ वितळला,” आणि फ्रीजकडे गेलो. नंतर सूज उतरली, पण दुसरं कारण तयार होतं.

शेवटची पट्टी सर्जननं स्वतः काढली. नर्सनं आरसा धरला. सूज अजून होती, पण कपाळ सपाट, मऊ, भुवया जरा वर. मला वाटलं होतं, कुणीतरी परकी बाई दिसेल. तसं झालं नाही. दंडारीत पहिल्यांदा रंग लावून माझ्यासमोर उभी राहिली होती तीच ही, फक्त आता पुसण्यासारखं काही नव्हतं. ती बराच वेळ आरशात पाहत राहिली. मग तिनं बोट डाव्या भुवईवर नेलं. खळगा भरून काढला होता, वरचा व्रणही कापून शिवला होता. ती म्हणाली, “गेलं बाबूजी. आता त्या दिवसाचं काहीच उरलं नाही.”

मी मान हलवली. सदाभाऊनं हलवली होती तशीच.

आता आम्ही पुण्यात आहोत. पूर्वी घर म्हणजे फाट्यावर उतरून धानाच्या बांधावरून चालत जायची जागा. आता संध्याकाळी लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि तो आपल्याच मजल्यावरचा असला की ते घर. तिच्याकडे हल्ली कुणी दोनदा पाहत नाही. ती पाठीमागे केस टाकून बाजारात जाते, भाजीवाल्याशी भांडते, आणि खुशीत घरी येते.

नामदेव लाखांदूरला अंथरुणाला खिळला आहे. दोनदा निरोप आला, भाचीला एकदा पाहू दे. मला वाटतं, त्याला माफी मागायची आहे, जी त्यानं मागायचं काही कारण नाही. रेवती म्हणते, यंदा मंडईला जाऊ, गावाला माझं तोंड दाखवायचं आहे, पण मामाच्या दारात मी पाय ठेवणार नाही. रोज संध्याकाळी मी ठरवतो की आज बोलायचं. ती चहा आणते, समोर बसते, म्हणते, “काही म्हणणार होते का?” आणि मी विचारतो, उद्या पाणी किती वाजता येणार आहे.

गावाच्या लोकांनो, तिनं माझ्यावर कधी हात उचलला नाही. तुम्ही ऐकलं ते माझं खोटं होतं, नामदेवचं नव्हे. त्या गाडीत चढलेल्या प्रत्येकाला हे सांगा. तिला मात्र मलाच सांगायला हवं, आणि ते असं सांगायचं मी पाठ करून ठेवलं आहे:

बेटा, मामानं नाही, मी. तू मागच्या खिडकीत बसून होती, अन् मी चहा पिऊन राहिलो होतो. तुझ्या आईच्या सरणापाशीबी मी बोललो नाही. चूक झाली माझी. मामाले भेटून ये. मले माफ नाही केलं तरी चालते.