पपनसाची टोपी

शेजारच्या आक्का कुणाची चूक खपवून घेत नाहीत. त्यांच्या परसातल्या पपनसाला मी एकदा मोसंबं म्हणालो, तर म्हणाल्या, "मोसंब्याची साल एवढी जाड असती व्हय रं?"

गणपतीवर टांगलेलं पपनस विसर्जनानंतर त्याच सोलतात. साल डासांच्या धुरीसाठी वाळवतात, कडू पापुद्रे काढून गुलाबी फोडी वाटतात. पूर्वी अर्धी साल अखंड सोडवून गल्लीतल्या पोरांच्या डोक्यावर टोपी म्हणून बसवायच्या. आता गल्लीत पोरंच नाहीत.

त्यांचे यजमान, आप्पा, हल्ली कुणालाच ओळखत नाहीत. यंदा फळ टांगताना आक्का म्हणाल्या होत्या, "ह्या वासानं तरी मी आठवंन बघ त्यांस्नी."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो, तर सालीची टोपी आप्पांच्या डोक्यावर होती. मांडी घालून ते फोडी खात होते. किती दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"लई ग्वाड हाय, आई," ते आक्कांना म्हणाले. "आणिक एक दे की गं."

आता आक्का चूक दुरुस्त करतील, म्हणून मी थांबलो.

त्यांनी फोडीतली बी काढून टाकली. "घे बाळा," म्हणाल्या.