एक मिनिट चार सेकंदांचा सत्कार

सत्काराला नाही म्हणणारा माणूस गिरगावात अजून जन्माला यायचाय. कुणी दहावी पास होवो, निवृत्त होवो, की नुसता अमेरिकेत मुलाकडे राहून परत येवो, त्याच्या अंगावर शाल ही पडतेच. सुनेत्रा आजगावकरच्या अंगावर ती पडली भर मॅरेथॉनमध्ये, एकोणचाळिसाव्या किलोमीटरला.

सुनेत्रा त्रेपन्न वर्षांची, विमा कंपनीत नोकरीला. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं, तर ही बाई पळायलाच लागली. पळता पळता डोक्यात बोस्टन शिरलं. बोस्टनची मॅरेथॉन म्हणजे फॉर्म भरला नि धावलं, असं नाही. आधी दुसऱ्या एखाद्या मॅरेथॉनमध्ये ठरलेल्या वेळेत पोचून दाखवावं लागतं. तिच्या वयाच्या बाईला ती वेळ तीन तास पन्नास मिनिटं. पहिल्या खेपेला तिला चार तास सहा मिनिटं लागली, दुसऱ्या खेपेला तीन चोपन्न. रोज पहाटे चौपाटी ते नरिमन पॉइंट, रविवारी वाळकेश्वरचा चढ चार वेळा, मग घरी येऊन डबे, मग ऑफिस. पायाच्या अंगठ्याचं नख दोनदा काळं पडून गळलं.

आणि चाळ? चाळ गॅलरीत दात घासत मजा बघत होती. "वहिनी, कुत्रं लागलंय का मागे?" मंडळाचे अध्यक्ष शामराव रोज विचारायचे आणि रोज स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचे. या वयात पोटऱ्या दाखवत फिरते, हे पाठीमागे. तिचा नवरा अवधूत त्या हसण्यात सामील नसायचा, पण हसू नका असंही तो कधी म्हणाला नाही. सुनेत्रा सगळं गिळत गेली. लग्नापासून तिला तीच सवय होती.

या जानेवारीत मात्र सगळं जुळून आलं. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर भलेभले चालायला लागतात. तो चढ तिने न थांबता काढला. उतरून चौपाटीला आली तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा ती वीसेक सेकंद पुढे होती. उरले होते जेमतेम तीन किलोमीटर.

आणि समोर ताशा वाजायला लागला.

"आल्या, आल्या! सुनेत्रावहिनी आल्या!"

फ्लेक्स धरून अख्खं मंडळ उभं होतं. फ्लेक्सवर शामराव हातभर, आणि कोपऱ्यात पासपोर्टच्या फोटोएवढी सुनेत्रा. कोणता धावपटू कुठे पोचला ते मोबाईलवर दिसतं, आणि तिच्या छातीवरचा नंबर त्यांना अवधूतनेच दिला होता. शामराव शाल आणि नारळ घेऊन दोरीखालून थेट रस्त्यावर आले. कडेला ऐंशीच्या दुर्गाकाकू आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"शामराव, सोडा मला! वेळ जातोय!"

"एकच मिनिट हो, वहिनी! मान जरा खाली. हां, इकडे बघा. अवधूत, आला का फोटो? अजून एक काढ."

काकू ताट घेऊन उभ्या आहेत, त्यांना टाळून कसं जायचं, एवढंच सुनेत्राच्या मनात आलं. ती थांबली. मान खाली गेली, शाल पडली, नारळ हातात आला, कपाळाला कुंकू लागलं. मग भान येऊन तिने सगळं अवधूतच्या अंगावर टाकलं आणि धूम ठोकली.

शेवटच्या रेषेवर तिच्या मनगटावरच्या घड्याळात तीन तास पन्नास मिनिटं एक्केचाळीस सेकंद झाले होते. चौपाटीवर ती किती वेळ जागची हलली नव्हती, तेही त्या घड्याळाने नेमकं टिपलं होतं.

"अगं, दोन वर्षांनी पंचावन्नची झालीस की दहा मिनिटं जास्त मिळतात," अवधूत घरी म्हणाला. "लोकांनी एवढ्या प्रेमाने केलं..."

तिने हातातलं ताट ओट्यावर असं आपटलं की शेजारच्यांनी चालू मिक्सर बंद केला.

संध्याकाळी चाळीच्या चौकात पुन्हा कार्यक्रम, कारण मंडळाच्या मते रस्त्यावरचा सत्कार घाईत झाला होता. सुनेत्रा गेली. माईक हातात आल्याबरोबर तिने शामरावांना पुढे बोलावलं. सकाळचीच शाल त्यांच्या अंगावर टाकली, तोच नारळ हातात दिला.

"मान खाली, शामराव. अजून खाली. अवधूत, फोटो काढ. अजून एक."

लोक हसले, टाळ्या पडल्या. शामरावही हसत होते. सुनेत्रा घड्याळाकडे बघत राहिली. टाळ्या थांबल्या, हसू ओसरलं, शामरावांची मान अवघडली, तरी ती काही बोलेना.

"झालं," ती अखेर म्हणाली. "एक मिनिट चार सेकंद. संपता संपेना ना? सकाळी तुम्ही मला एवढाच वेळ थांबवलंत. मी एक्केचाळीस सेकंदांनी हुकले. चार वर्षं मला हसलात, ते सोसलं मी. पण याला प्रेम म्हणू नका. तुम्हाला फोटो हवा होता."

अवधूत चपलांकडे बघत होता. पहिल्या रांगेतून दुर्गाकाकू बोलल्या.

"शामराव गाढव आहे, ते मला त्याच्या मुंजीपासून ठाऊक आहे. पण मी कुठे तुला थांब म्हटलं होतं गं? मी कडेला उभी होते. लांबूनच ओवाळलं असतं. मान तूच वाकवलीस."

सुनेत्राच्या सकाळपासूनच्या रागाला शामराव होते, अवधूत होता, अख्खी चाळ होती. आता तो राग वळून तिच्याच अंगावर आला. म्हातारी खरं बोलत होती, आणि तेच तिला सहन होईना.

"पुढच्या वेळी नाही वाकवणार, काकू."

"मला काय सांगतेस? तुझ्या मानेला सांग," काकू म्हणाल्या. "लग्न होऊन आलीस, त्या दिवसापासून बघतेय मी तिला."